शेजारची जागा

मुलाच्या हाती खेळाचे यंत्र दिसले की माझ्या मनात एकच प्रश्न येतो : ह्याच्या शेजारी जागा कोणासाठी?

जपानच्या सातोशी ताजिरी ह्यांना बालपणी कीटक जमविण्याचा नाद होता. त्यातूनच १९९६ साली ‘गेम बॉय’ ह्या हातात मावणाऱ्या यंत्रावर ‘पोकेमॉन’ हा अद्भुत प्राणी जमविण्याचा खेळ आला. पडदा इवलासा, पाहणारा एकटा. परंतु सारे प्राणी एकाच खेळात मिळत नसत. तारेने दोन यंत्रे जोडून सोबत्याशी अदलाबदल करावीच लागे.

पुढे ‘निन्टेन्डो ६४’ वरील ‘पोकेमॉन स्टेडियम’मध्ये हातातल्या खेळाची कॅसेट कंट्रोलरला जोडता येई आणि स्वतः वाढविलेला प्राणी दूरचित्रवाणीवर सर्वांसमक्ष झुंजे. तेथे मुख्यतः झुंजच होती. भटकंतीचा मूळ खेळ हातातच राहिला. तो २०१८ साली ‘लेट्स गो’च्या रूपाने ‘स्विच’वर, म्हणजे घरच्या मोठ्या पडद्यावर आला. दुसरा कंट्रोलर घेऊन धाकटे भावंडही त्यात सामील होऊ शकते.

मात्र पूर्वी तार जे सक्तीने करवी, ते आता आपल्या इच्छेवर आहे. म्हणून आईबापहो, मुलाने हाक मारली, तर घटकाभर तो दुसरा कंट्रोलर आपणच हाती घ्यावा.