७.६ नंतरची गोळी

रात्री नऊनंतर, बदलापूर पूर्वेतल्या घरात, ती भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यासमोर रायफल घेऊन उभी राहते. आत पेलेट नसतो. या सरावाला नेमबाज 'ड्राय' म्हणतात. मागून कर्जत लोकल धडधडत जाते, काच थरथरते. ती रायफल खाली घेते, गाडी जाऊ देते आणि पुन्हा खांद्याला लावते.

उल्हासनगर-अंबरनाथच्या मुलांना ती हेच शिकवते. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. श्वास, नाडी, पाय, सगळंच थोडंथोडं हलत असतं. त्या हलण्याने गोळी फारशी बिघडत नाही. बिघडते ती साइट ठिपक्यावरून जाताना 'आत्ता नाही तर कधीच नाही' म्हणून झटकलेल्या ट्रिगरने. नेम लांबला, डोळा थकला, की रायफल खाली घ्यायची, हे मुलांना तोंडपाठ असतं. तरी स्पर्धेत खाली घेववत नाही. आपण डगमगलो हे मागे बसलेल्या आईबाबांना दिसेल, असं वाटतं.

तिलाही वाटलं होतं. निवड चाचणीतली शेवटची गोळी. नेम सुटलाय हे कळत असूनही तिने ती मारली. संघातली जागा गेली. त्याहून खोल रुतलं ते हे, की कळत होतं.

म्हणून ती मुलांना नेमबाज स्वप्नील कुसळेची गोष्ट सांगते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. म्हणजे मुलं ज्या लोकलने येतात, त्याच रेल्वेचा माणूस. २०२२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत आघाडीवर होता, आणि उभ्या स्थितीत एक गोळी ७.६ वर गेली. पुन्हा चौथा. १०.९ हा कमाल गुण असलेल्या खेळात ७.६ म्हणजे पायाखालची जमीन सरकणं.

१ ऑगस्ट २०२४, फ्रान्समधलं शातोरू. ५० मीटर थ्री पोझिशनची ऑलिम्पिक अंतिम फेरी. गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो सहावा, झोपून मारल्यावर पाचवा. मग तीच उभी स्थिती. ४४ गोळ्यांनंतर ४५१.४ गुण आणि कांस्य. या प्रकारात भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक.

मुलं विचारतात, "मॅडम, त्याला भीती वाटली नसेल?" वाटली होती. पोटात गोळा आला होता, सकाळी काही खाल्लं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता, असं त्यानेच पदकानंतर सांगितलं. हे ऐकताना मुलांचे खांदे सैल होतात, ते तिला फार आवडतं.

परवा अंबरनाथच्या एका मुलीने सरावात तीनदा रायफल खाली घेतली. चौथ्यांदा उचलताना तिने मागे वळून पाहिलं नाही. किती गुण पडले, हे मॅडमनेही विचारलं नाही.