खोक्यात बॅटरी आहे का?

दिवाळीच्या आधी फराळाचं पार्सल बांधताना चकली-शंकरपाळ्यांच्या डब्यांशेजारी नातवासाठी रिमोटची गाडी किंवा लेकीसाठी पॉवर बँक सहज सरकवली जाते. पुण्यात विजेच्या वस्तूंचा बाजार असलेल्या तपकीर गल्लीतून गावोगावी जाणाऱ्या खोक्यांत तर सुटे सेल, चार्जिंगचे दिवे, लॅपटॉपच्या बॅटऱ्या असतातच. अशा वेळी काउंटरवर ‘आत बॅटरी आहे का?’ हा प्रश्न विचारला जायलाच हवा. मात्र तो पार्सल नाकारण्यासाठी नव्हे, तर त्याचा मार्ग ठरवण्यासाठी विचारावा, असं माझं ठाम मत आहे. उत्तर ‘हो’ असेल तर ते खोकं नीट बांधून, नोंद करून, रस्त्यानं जावं.

धोका नेमका कुठे असतो, हे १८६५० या नावाचा लिथियम-आयन सेल हातात घेतला की कळतं. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. वरची टोपी हे धन टोक. पण ऋण म्हणजे नुसतं बूड नव्हे, तर पत्र्याचं सगळं अंग, अगदी टोपीभोवतीच्या काठापर्यंत. दोन्हींच्या मध्ये एक अरुंद चकती आणि अंगावर प्लास्टिकचं पातळ वेष्टन, एवढंच काय ते संरक्षण. वेष्टन काठाशी फाटलं आणि तिथे एखादा स्क्रू टेकला, की शॉर्ट सर्किट होतं. सेल तापतो, आतला प्लास्टिकचा पडदा वितळतो, ज्वलनशील द्रावणाची वाफ पेट घेते आणि एका सेलची उष्णता शेजारच्याला पेटवते. सेलमधली बरीचशी धातूंची ऑक्साइडं तापल्यावर स्वतःच प्राणवायू सोडतात. त्यामुळे नुसती हवा कोंडून ही आग थांबत नाही. भरपूर पाणी मारून सेल थंड करावे लागतात.

हे पाणी कुठे मारता येईल, यावर सगळं अवलंबून आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू बोईंग ७४७ मध्ये आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येनं होत्या. तासाभराच्या आत विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिकांचा जीव गेला. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकला विजेवरच्या स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागली. वीस स्कूटरींची हानी झाली, पण जीवितहानी झाली नाही. कंटेनर जमिनीवर होता, अग्निशमन दलाला तिथवर पोहोचता आलं. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यावर एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, ती याच कारणानं.

यावर कुणी म्हणेल, एवढा धोका असेल तर बॅटरी पार्सलात घेऊच नका. पण बॅटरी म्हटल्यावर नकारच मिळणार असेल, तर माणूस खोक्यावर ‘सुटे भाग’ किंवा ‘खेळणी’ लिहितो, आणि तेच खोकं निर्धास्तपणे विमानात चढतं. बंदीनं बॅटरी थांबत नाही, तिची माहिती मात्र लपते. दुसरा आक्षेप असा की, फोन तर दिवसभर खिशात असतो, मग एवढी काळजी कशाला? खिशातला फोन तापला की लगेच कळतं. थैलीच्या तळाशी, दहा खोक्यांखाली दबलेला सेल तापला तर कुणाला कळणार? म्हणूनच विमानप्रवासात पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, जवळ ठेवावी लागते. तिसरा आक्षेप छोट्या दुकानदाराचा, खर्चाचा. तो गंभीर आहे. पण टोकांवर इन्सुलेशन टेप, प्रत्येक सेलला वेगळी पिशवी, हलणार नाही असं भरलेलं जाड खोकं आणि वर ठळक लिहिलेलं ‘लिथियम बॅटरी’, एवढ्याला फार पैसे पडत नाहीत. धोकादायक माल रस्त्यानं पाठवताना त्याची पूर्ण माहिती वाहतूकदाराला द्यावी, ही जबाबदारी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही पाठवणाऱ्यावरच टाकली आहे.

रस्ता बरा, याचा अर्थ रस्त्यानं काहीही चालेल असा नाही. फुगलेली, गळकी किंवा आपटलेली बॅटरी कुठल्याच मार्गानं पाठवू नये. धडधाकट बॅटरीही पूर्ण चार्ज करून पाठवू नये. सुट्या बॅटऱ्यांसाठी मालवाहू विमानांना घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा रस्त्यावर बंधनकारक नसली, तरी पाळण्याजोगी आहे. साठवलेली ऊर्जा कमी, तर आगीचं बळही कमी. आणि परदेशी जाणाऱ्या फराळाला रस्त्याची वाटच नाही, तेव्हा त्यातली पॉवर बँक खोकं बंद करण्याआधी काढून ठेवावी. ती तिकडे कुठेही मिळते. घरची चकली मात्र इथूनच जायची असते, आणि ती ज्या विमानातून जाते त्यात माणसंही बसलेली असतात.