शिखर आपल्या जिन्यापाशी

साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ साली एव्हरेस्ट सर केले. २०२१ साली ८,०९१ मीटर उंचीचे अन्नपूर्णा शिखर गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. ही हकीकत मी कर्जतच्या एका आजींना सांगितली. घरात पडल्यापासून सहा महिने त्या जिना उतरल्या नव्हत्या. हाड जुळले होते; भीती मात्र गेली नव्हती. मुलगाही काळजीपोटी म्हणे, “आई, तू उठू नकोस.”

मी म्हटले, “आजी, गिर्यारोहकही एका दमात चढत नाहीत. थोडे चढतात, थांबतात, शरीराला सवय होऊ देतात. सोबती दोर धरतो. पाऊल ज्याचे त्यानेच टाकायचे.”

जिना चढताना आधी चांगला पाय टाकावा, उतरताना आधी दुखरा. एक हात कठड्यावर असावा. उतरताना सोबत्याने एक पायरी खाली राहावे. छातीत दुखल्यास, धाप लागल्यास वा चक्कर आल्यास थांबून डॉक्टरांना कळवावे. वेळीच परत फिरणे हे गिर्यारोहणातही शहाणपणच मानतात.

दोन महिन्यांनी आजी अंगणात आल्या. समोर माथेरानचा डोंगर होता. “आज एवढेच,” त्या समाधानाने म्हणाल्या.

घरातल्या वडीलधाऱ्यांना “उठू नका” म्हणण्यापूर्वी आपण आपला हात पुढे करावा, एवढीच विनंती.