एम्लीच्या माळावरचा मनोरा

विलायतेहून आलेल्या माणसाने राजवाडे, पूल आणि संग्रहालये यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असा शिरस्ता आहे. मी तो मोडणार आहे. मला सांगायचे आहे ते एका मनोऱ्याविषयी. तीस-बत्तीस वर्षे मी नभोवाणीच्या निरनिराळ्या प्रक्षेपण-केंद्रांवर नोकरी केली. कळस दिसताच वारकऱ्याचे हात जुळतात, तशी उंच मनोरा दिसला की आम्हां लोकांची मान आपोआप वर होते!

लेक लीड्सला असते. मार्चमधल्या एका रविवारी तिने विचारले, “बाबा, आज कुठं जायचं?”

“एम्ली मूरला.”

“काय आहे तिथं?”

“एक मनोरा होता. तो पडला.”

जावईबापू चहाचा पेला हातात धरून बघतच राहिले. मुलगी मात्र अभियंत्याच्या घरात वाढलेली. तिने मुकाट्याने गाडी काढली.

हडर्सफील्डच्या बाजूला निघाले, की शहर हळूहळू मागे पडते. दगडांवर नुसते दगड रचून घातलेले बांध, पलीकडे मेंढ्या, आणि वाऱ्याला कुठेच आडकाठी नसलेला उघडा माळ. तिथे आज जो मनोरा उभा आहे, तो काँक्रीटचा, ३१९ मीटर उंच. चार कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी त्याच्या शेंड्याला हात लागायचा नाही! तारांच्या आधाराविना उभी असलेली इतकी उंच वास्तू ब्रिटनमध्ये दुसरी नाही.

परंतु मी आलो होतो तो त्याच्या आधीच्या मनोऱ्यासाठी. तो होता पोलादी नळकांड्यासारखा, ३८५ मीटरांचा, चहूकडून ताणलेल्या तारांनी सावरलेला. १९६६ मध्ये तो पुरा झाला, आणि १९ मार्च १९६९ रोजी, बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, कोसळला. तुटलेल्या एका तारेने जवळच्या प्रार्थनामंदिराचे छप्पर-भिंत कापली. पण देवाची कृपा अशी, की एकाही माणसाला इजा झाली नाही. लक्षावधी घरांतले दूरचित्रवाणीचे पडदे मात्र काळे झाले. नवलाची गोष्ट म्हणजे त्या वेळी काही मोठे वादळ नव्हते. अंगावर चढलेले बर्फाचे थर आणि मंद वाऱ्याने सुरू झालेली आंदोलने, या दोहोंनी मिळून घात केला. हलक्या पण एका लयीत दिलेल्या धक्क्यांनी झोपाळा जसा चढत जातो, तसाच हा प्रकार.

त्या दिवशीची केंद्राची नोंदवही पुढे प्रसिद्ध झाली. दिवसपाळीने लिहिले आहे, की मनोऱ्यावरून बर्फ पडू लागल्याने जवळचे रस्ते बंद केले आहेत. शिवाय एका यंत्राचा पंखा धुळीने तुंबला होता, तो साफ करून तेलपाणी केले. त्याखाली संध्याकाळच्या पाळीची नोंद : पाच वाजून एक मिनिट पंचेचाळीस सेकंदांनी मनोरा रस्त्यावर आडवा पडला. पोलिसांना व मुख्य कचेरीला कळवले. मनोऱ्याच्या विजेचे फ्यूज काढले, स्विच बंद करून कुलूप लावले.

जावईबापू खो खो हसले. “मनोराच नाही, तर कुलूप कशाला?”

मला हसू आले नाही. मध्यम लहरींच्या केंद्रावर मनोरा हाच एरियल असतो. चिनी मातीच्या जाड ठोकळ्यावर तो उभा असतो, आणि सभा चालू असताना सगळ्या लोखंडातून प्रवाह खेळत असतो. वर गेलेला माणूस वर असेतो एक वेळ वाचेल. उतरताना हात मनोऱ्याला आणि पाय जमिनीला लागला, की आटोपले!

मी ज्या केंद्रावर होतो, तिथे एकदा शेंड्यावरचा तांबडा दिवा गेला. दुपारची सभा संपल्यावर खलाशी वर चढला. मी फ्यूज काढून खिशात घातले. वर बोल्ट गंजलेला निघाला. संध्याकाळच्या सभेला दहा मिनिटे उरली, तरी गडी वरच! तेवढ्यात फोन वाजला.

“मंत्रिमहोदयांचं भाषण आहे. सभा वेळेवर सुरू झालीच पाहिजे.”

“माणूस वर आहे, साहेब.”

“तो उतरेल सावकाश. फ्यूज लावा. ही आज्ञा आहे!”

“होय साहेब. पण फ्यूज माझ्या खिशात आहेत.”

सभा अकरा मिनिटे उशिरा सुरू झाली. खलाशाला यातले काहीच ठाऊक नव्हते. खाली उतरल्यावर हात झटकत तो म्हणाला, “साहेब, दिवा लागतोय का बघा.” मी नोंदवहीत लिहिले : दिवा बदलला, प्रक्षेपणास अकरा मिनिटे विलंब. तिसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला.

एम्लीच्या लोकांनी चार दिवसांत तात्पुरता मनोरा उभारून सुमारे पंचवीस लाख प्रेक्षकांपर्यंत पुन्हा चित्र पोचवले, आणि १९७१ मध्ये हा काँक्रीटचा मनोरा कामाला लागला. त्या धावपळीत कोणाला मेमो मिळाला असेल का, असे कुंपणापाशी उभा असताना माझ्या मनात आले.

माझा मेमो अजून फायलीत आहे. फोनवरचे बोलणे पहारेकऱ्याने ऐकले होते. त्याच्याकडून ते खलाशाच्या घरी पोचले. त्या वर्षीच्या दिवाळीत त्याची बायको अनारशांचा डबा घेऊन आली. मी निवृत्त होईपर्यंत तो डबा एकाही दिवाळीला चुकला नाही.