गिटारची डागडुजी

ज्या घरांत तंबोऱ्याला गवसणी घालून कोपऱ्यांत मानानें उभें करतात आणि मंगलकार्यानंतर तुळजापूरकडचा गोंधळी दाराशीं येऊन संबळ-तुणतुण्यावर देवीला आवाहन करतो, त्या घरांत विजेची गिटार आली म्हणजे तिच्या वाट्याला सवतीचें जिणें येणार हें ठरलेलेंच. तिला तंबोऱ्यासारखें भरदार पोट नाहीं, कीं तुणतुण्याची गरिबीची सोज्ज्वळताहि नाहीं. एक जाड फळी, तिला जोडलेली लांब दांडी, सहा तारा आणि शेपटासारखी लोंबणारी एक वायर. ती वायर अँप्लिफायरला जोडली नाहीं तर वाद्याचा आवाज शेजारी बसलेल्यालाहि धड ऐकूं येत नाहीं. जोडली तर साऱ्या आळीला ऐकावा लागतो.

धाराशिवास माझ्या बहिणीच्या घरीं अशी एक गिटार आली. वसतिगृह सोडून जाणाऱ्या सोलापूरच्या एका विद्यार्थ्याकडून भाच्यानें ती जुनी म्हणून स्वस्तांत घेतली होती. पहिलें वर्ष कौतुकांत गेलें, दुसरें तक्रारींत. तारा सुरांत राहत नाहींत, दांडीवर वर सरकलें कीं स्वर बेसूर लागतो, बोटें सोलून निघतात, आणि वाजवीत नसतांनाहि आंतून भुंग्यासारखी गुणगुण चालूच असते, असे चार आरोप त्यानें एका दमांत वाचून दाखविले. आणि पंचवीस हजारांच्या एका नव्या गिटारचें चित्र आईपुढें ठेवलें. त्या वर्षीं सोयाबीन पावसांत गेलें होतें. त्याच्या पुण्याच्या शिक्षणासाठीं बाजूला ठेवलेली एक ठेव तेवढी घरांत होती. बहिणीनें तिची पावती कपाटांतून काढून माझ्यासमोर धरली. "दादा, एवढा एकच नाद आहे त्याला. मोडूं का?" असें तिनें विचारलें. मोडूं का म्हणजे नाद कीं ठेव, हें तिनें स्पष्ट केलें नाहीं, आणि मलाहि विचारवलें नाहीं. माझें बरेंचसें आयुष्य शाळेच्या प्रयोगशाळेंत तारा, चुंबक आणि बॅटऱ्या सांभाळण्यांत गेलेलें. मीं एक महिन्याची मुदत मागून घेतली.

या वाद्याविषयीं एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. सतारीचा नाद भोपळ्यांतून आणि तबलीच्या लाकडांतून येतो. तें लाकूडच निकृष्ट निघालें तर कारागिरानें कितीहि हात फिरविला तरी उपयोग थोडा. विजेच्या गिटारचें तसें नाहीं. तिच्या तारांखालीं चुंबक बसविलेले असतात, आणि त्यांच्याभोंवतीं केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली कीं त्या वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते, आणि तीच वाढवून अँप्लिफायर आपल्याला ऐकवितो. १९३२ सालीं अमेरिकेंत रिकनबॅकरच्या कारखान्यांतून जी विजेची गिटार विक्रीस आली, ती तर ॲल्युमिनियमची होती. तिचा आकार पाहून लोकांनीं तिला तळणीचा तवाच म्हणावयास सुरुवात केली. तव्यांतून जर गाणें निघूं शकतें, तर आमच्या फळीनें काय पाप केलें होतें? स्वस्त गिटारचे बहुतेक दोष तिच्या अंगांत नसून अंगावरच्या बारीकसारीक भागांत असतात, आणि ते काढतां येतात, ही माझी धारणा.

परंतु पहिला दोष गिटारमध्यें नव्हेच, घरांत सांपडला. अँप्लिफायर लावून मीं तारांवर बोट टेकविलें तों हाताला मुंग्या आल्या. भाचा म्हणाला, "मामा, तें नेहमींचंच आहे." तारा, घोडी आणि अँप्लिफायरची लोखंडी पेटी हीं सारीं आंतून एकमेकांना जोडलेलीं असतात, आणि प्लगच्या जाड तिसऱ्या पायांतून तीं घराच्या अर्थिंगला मिळावींत अशी योजना असते. येथें भिंतींतलें तिसरें भोंक केवळ शोभेचें होतें. वायर बसविणाऱ्यानें त्याच्यामागें कांहीं जोडलेंच नव्हतें. पेटींत झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे जाण्यास वाट नव्हती. ती वाट माझ्या भाच्याच्या अंगांतून जात होती. पेटींतला एखादा भाग बिघडता आणि मुलगा ओल्या फरशीवर अनवाणी उभा असता, तर मुंग्यांवर भागलें नसतें. १९७२ च्या मे महिन्यांत वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वी नांवाचा गिटारवादक रंगमंचावरच, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. ही हकीकत मीं भाच्याला सांगितली, बहिणीला सांगितली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं एका जाणत्या वायरमनकडून अंगणांत खड्डा खणविला, लोखंडी नळी उभी केली, भोंवतीं कोळसा आणि मीठ भरलें. त्या रात्रीं मुंग्या गेल्याच, आणि गुणगुणहि निम्म्यावर आली. हा खर्च घराचा. तो गिटारच्या खात्यावर मांडणें अन्यायाचें होईल.

गिटारच्या खात्यावर पहिली रक्कम पडली ती तारांची, साडेचारशें रुपये. आधींच्या तारा विकत घेतल्या दिवसापासून तशाच होत्या. पडद्यांवर घासून चपट्या झालेल्या आणि घामानें गंजलेल्या. नव्या संचांतली सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ सहस्रांश जाडीची घेतली, म्हणजे बोटांना ती दाबावयास कष्ट कमी. मग उंची. बाराव्या पडद्यावर तारा जवळजवळ चार मिलिमीटर वर होत्या, बोटें सोलावयाचीं नाहींत तर काय होईल! घोडीवर प्रत्येक तारेला स्वतंत्र बैठक असते आणि तिला दोन बारीक स्क्रू. षट्कोनी किल्लीनें ते फिरवून तारा दोन मिलिमीटरच्याहि खालीं आणल्या. दांडीच्या पोटांत एक लोखंडी सळई असते, ती ताणली कीं दांडीचा बाक कमी होतो. ती एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवावयाची नाहीं, आणि फिरविल्यावर एक रात्र थांबावयाचें. बालाघाटच्या माथ्यावर हें लाकूड वैशाखांत सुकतें आणि श्रावणांत फुगतें, तेव्हां ही सळई वर्षांतून दोनदां तरी पाहावी लागते.

तारा सुरांत न राहण्याचा दोष भाचा खुंट्यांवर ढकलीत होता. खुंट्या निर्दोष होत्या. दांडीच्या टोकाशीं प्लॅस्टिकची जी मेरू असते तिच्या खांचांत तार अडकत होती. ओढली कीं सरके, सोडली कीं पूर्ववत् परतत नसे. त्या खांचांत साध्या शिसपेन्सिलीचें टोंक घासलें. शिसें म्हणतों तें खरें पाहतां ग्रॅफाईट, आणि ग्रॅफाईट हें उत्तम वंगण आहे. या उपायाला खर्च शून्य.

बेसूर लागणाऱ्या स्वराची कथा मात्र रंगून सांगण्यासारखी आहे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तेथें तार न दाबतां नुसतें बोट लावून छेडली तर वरच्या सप्तकाचा शुद्ध स्वर निघतो. तींच तार तेथेंच दाबून छेडली तर तोच स्वर निघावयास हवा. आमचा दाबलेला स्वर चढा निघत होता. कारण दाबतांना तार किंचित् ताणली जाते, आणि ताण वाढला कीं स्वर चढतो. म्हणून घोडीवरची बैठक थोडी मागें सरकवून तारेची लांबी तेवढी वाढवावी लागते. जाड तारेची अधिक, बारीकीची कमी. स्क्रू अर्धा फेरा फिरवावयाचा, पुन्हां सूर लावावयाचा, पुन्हां ऐकावयाचें. सहा तारांना आम्हां दोघांना अख्खा रविवार लागला. चौथ्या तारेनंतर माझ्या असें लक्षांत आलें कीं स्वराचा फरक भाचा माझ्याआधीं ओळखतो. तक्रार करणाऱ्याचा कान खोटा नव्हता. हें मीं त्या दिवशीं संध्याकाळीं बहिणीला मुद्दाम सांगितलें.

तारा फार खालीं आणल्या तर त्या पडद्यांना घासून झणझणतात, म्हणून एक-दोन तारा पुन्हां वर घ्याव्या लागल्या. तेव्हां माझें लक्ष कोपऱ्यांतल्या तंबोऱ्याकडे गेलें. तेथें हीच झणझण मिळविण्यासाठीं आपण किती खटपट करतों! मिरजेचे सतारमेकर, ज्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, घोडीचा माथा कानसीनें इतक्या हळुवारपणें उतरवितात कीं थरथरणारी तार त्याला सतत पुसटशी स्पर्श करीत राहावी. तीच जवारी. आणि मग तारेखालीं सुताचा एक तुकडा मागेंपुढें सरकवून आपण ती खुलवितों. अर्ध्या पैशाच्या दोऱ्यानें वाद्यांत जीव येतो. एकाच स्पर्शाला एका वाद्यांत जवारी म्हणतात आणि दुसऱ्यांत बिघाड. भाच्याला मीं हें सांगितलें तेव्हां त्यानें अँप्लिफायरचें एक बटण फिरवून असा कांहीं फाटका आवाज काढला कीं मला कानांवर हात ठेवावे लागले. आणि "हा आम्हांला मुद्दाम हवा असतो, मामा," म्हणाला. यावर मीं वाद घातला नाहीं.

उरलेली गुणगुण तांब्याच्या पातळ चिकटपट्टीनें आणखी कमी झाली. गिटारच्या पोकळ खोबणींत ती पट्टी चहूंबाजूंनीं चिकटवून अर्थच्या तारेला डाख दिला, म्हणजे ट्यूबलाईट आणि मोबाईलचे चार्जर यांचा उपद्रव बराच अडतो. अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ बसलें तर जी घुमघुम येते तिला पट्टी अडवीत नाहीं; तिच्यावर उपाय म्हणजे चार पावलें दूर बसणें. खरखरणारीं दोन बटणें बदललीं. आवाजाचा पोत सांभाळणारा जो इवलासा कपॅसिटर असतो, त्याच्या महागड्या जातींविषयीं तरुण मंडळी फार भक्तिभावानें बोलतात. माझ्या मतें ती बहुतांशीं श्रद्धेची बाब आहे, आणि श्रद्धेवर पैसे खर्च करावयाचे तर तुळजापूर जवळच आहे. सारा हिशेब बाराशें रुपयांच्या आंत बसला.

या उद्योगाला थोर परंपराहि आहे. १९६३ सालीं लंडनमध्यें ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलानें वडिलांच्या मदतीनें घरींच गिटार करावयास घेतली. दांडी जुन्या शेगडीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, पडद्यांवरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या, आणि एका दांड्याचें टोंक तिच्याच विणावयाच्या सुईचें. दोनेक वर्षांनीं ती पुरी झाली आणि पुढें क्वीन या वाद्यवृंदांतून जगभर वाजली. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा शाळकरी वयांत आपल्या पांचगणीस शिकलेला. भाच्याला पहिली गोष्ट ठाऊक होती. दुसरी ऐकून बहिणीनें हातांतलें निवडणें थांबविलें.

महिना संपला तेव्हां पावती कपाटांत परत गेली होती. चित्रांतली ती गिटार त्याला अजून हवीच आहे. मिळवूं लागलों म्हणजे घेईन, असें म्हणतो. एका गोष्टीवरून मात्र घरांत कुरबूर चालते. अर्थिंगच्या खड्ड्याभोंवतालची माती उन्हाळ्यांत सुकली कीं तिच्यांतून वीज नीट जात नाहीं, म्हणून तेथें अधूनमधून पाणी ओतावें लागतें, आणि चैत्रांत आळीला टँकरची वाट पाहावी लागते. बहिणीनें त्यावर तोड काढली आहे. भांडीं विसळलेलें पाणी ती बादलींत धरून ठेवते, आणि ती बादली खड्ड्यांत ओतून आल्याखेरीज भाच्याला अँप्लिफायरचें बटण दाबूं देत नाहीं.