तांबडा दिवा

मोटारीतल्या सगळ्या दिव्यांत तो तांबडा, वाटाण्याएवढा दिवा मला अधिक शहाणा वाटतो. किल्ली फिरवली की लागायचे आणि इंजिन सुरू झाले की विझायचे, एवढेच त्याचे काम. तो जळत राहिला तर समजावे, बॅटरीला वीज मिळत नाही. पण मुळीच लागला नाही तर? हा प्रश्न मला एका भाऊबीजेच्या संध्याकाळी मोताळ्यात पडला. खरे म्हणजे तिथल्या एका मिस्त्रीने तो पाडला.

आमची गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी. ही जात 1964 साली फियाट अकराशे डिलाइट या नावाने आली, 1974 पासून पद्मिनी झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवरची तिची काळी-पिवळी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आमची मात्र अजून नोकरीत आहे. त्या दिवशी तिच्याकडे कामगिरी होती ती आईला मलकापुराहून बुलढाण्याला मामांकडे पोचवण्याची. भावाने बहिणीकडे जायचे ही रीत. पण मामांनी अंथरूण धरले तेव्हापासून बहीणच भावाकडे जाते. मामा अठ्ठ्याऐंशीचे, आई चौऱ्याऐंशीची. ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द दोघेही अलीकडे वापरीत नाहीत.

मोताळ्याच्या अलीकडे दिवे लावले, तर ते हळदीच्या पाण्यासारखे पिवळे. हॉर्न वाजवला, तो कण्हला. पुढे राजूरचा घाट. अशा उजेडात म्हातारीला घेऊन घाट चढणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. बाजारपेठेच्या कडेला एक मिस्त्री दुकानाची फळी लावीत होता. त्याने आत आईला पाहिले आणि फळी पुन्हा खाली ठेवली.

“बॅटरी गेली वाटतं,” मी म्हणालो.

“बॅटरीचा काय दोष भाऊ? तिले जेवालेच भेटत नाई, तं ते काय करीन?”

हे एका वाक्यातले निदान मला फार आवडले. बॅटरी ही केवळ साठवण. इंजिन एकदा सुरू झाले की ठिणगी, दिवे, हॉर्न या सगळ्यांना वीज पुरवायची आणि वर बॅटरीचे पोट भरायचे, ते अल्टरनेटरने. आमच्याकडचे मिस्त्री त्याला अजूनही डायनमोच म्हणतात. डायनमो हा त्याचा थोरला भाऊ; इंजिन मंद चालले की तो सुस्तावे. 1960 साली अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट मोटारीला अल्टरनेटर दिला, आणि हळूहळू थोरल्याची गादी धाकट्याकडे आली.

मिस्त्रीने मीटर लावला. इंजिन बंद असताना पावणेबारा व्होल्ट. सुरू केले, वेग वाढवला, तरी काटा ढिम्म. चांगल्या गाडीत तो चौदाच्या आसपास जायला हवा. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. तो ठीक होता. मग इंजिन बंद करून किल्ली नुसतीच फिरवायला लावली. “लाल दिवा लागला का?” नव्हता लागला. मलकापुरात तर नेहमीसारखा लागला होता! त्याने अल्टरनेटरची बारीक तार काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, दिवा लख्ख. म्हणजे दिवा निर्दोष, तारही निर्दोष. तार परत जोडून त्याने पेचकस अल्टरनेटरच्या मागच्या तोंडाशी नेला. आत चुंबक जागा असेल तर पेचकस ओढला जातो. तो ओढला गेला नाही.

“कार्बन खपले,” तो म्हणाला.

खोलून पाहिले तर खरेच. शिसपेन्सिलीचे टोक झिजावे तसे कार्बन झिजलेले. कधी टेकत होते, कधी नव्हते. आणि दिव्याची वाटही त्यांच्यातूनच जात असल्यामुळे तोही गप्प. ज्या कड्यांवर कार्बन फिरतात त्यांना चर पडलेले, बेअरिंग खुळखुळणारे. नवे कार्बन घातले असते तरी त्या चरांनी ते लवकरच खाल्ले असते. त्याच्याकडे एक दुरुस्त करून ठेवलेला अल्टरनेटर होता. तोच बसवायचे ठरले.

इतक्यात एक मुलगा सायकलवरून आला. “मामा, माय वाट पायते. ताट केव्हाचं मांडलं.”

आईने ते ऐकले आणि ती दार उघडून खाली उतरली. “अरे, तुझी बहीण खोळंबली आहे. तू जा आधी.”

“ते थांबते, माय. आमचं घर चार पावलांवर हाय. तुमचा भाऊ लांब हाय.”

आई यावर काही बोलली नाही. बीजेचा चंद्र पश्चिमेला टेकायला आला होता. तिने पिशवीतून तबक काढले, निरांजन लावले आणि त्या ऑइलच्या डब्यांच्या शेजारी उभी राहून चंद्राला ओवाळले. मिस्त्री काळे हात मागे घेऊन बाजूला झाला. मग त्याने बॅटरीची तार सोडली आणि कामाला लागला.

जुने बोल्ट निघायलाच वेळ लागला. नवी कप्पी जुन्या पट्ट्याच्या रेषेत येईना, तेव्हा त्याने मागे एक वॉशर घातला. पट्टा ताणला, अंगठ्याने दाबला, अर्धा इंच. तार जोडली, किल्ली फिरवली. तांबडा दिवा लागला. उरल्यासुरल्या बॅटरीवर इंजिन कुरकुरत सुरू झाले, आणि तो विझला.

“किती?” आईने विचारले. तिला त्या आकड्याचे काय कळत होते, देव जाणे.

“चवदा,” मिस्त्री म्हणाला, “लाइट लावून साडेतेरा.”

त्याने सामानाचे पैसे घेतले, मजुरी घेईना. आईने पिशवीतल्या करंज्यांचा डबा त्या सायकलवाल्या मुलाच्या हातात दिला. ते दोघे आमच्याआधीच निघून गेले.

घाटात दिव्यांचा झोत वळणावळणावर खडकांवरून सरकत होता. आई माझ्या शेजारी बसून रस्त्याकडे न पाहता, त्या न लागलेल्या तांबड्या दिव्याकडे पाहत होती. बुलढाण्याला पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते. मामांना उशांना टेकवून बसवले होते. डोक्यावर टोपी होती.