कान्हेरीची सहल : आधी पाण्याची सोय

सहलीचं ठिकाण ठरलं की आपण शिक्षक लगेच माहिती गोळा करायला बसतो. लेणी कोणत्या काळातली, चैत्य म्हणजे काय, विहार कशाला म्हणतात. ही माहिती हवीच. पण टिटवाळ्याहून मुलांना कान्हेरीला न्यायचं तर त्याआधीचा प्रश्न असतो, दिवसभर मुलांना बरं वाटेल का? तहानलेलं, पाय दुखणारं मूल लेणं बघत नाही, सावली शोधतं.

प्रवासच मोठा आहे. टिटवाळा लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने बोरिवली, मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून सहा-सात किलोमीटर आत. सोमवारी लेणी बंद असतात, हे तारीख ठरवतानाच लक्षात ठेवावं. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ चांगला. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण दगड निसरडा होतो. उन्हाळ्यात तोच काळा दगड तापतो. सकाळी लवकर निघालं तर चढण ऊन वाढायच्या आत पार होते.

यादी साधीच ठेवावी. पायात रोजचे, सवयीचे बूट. सहलीसाठी आणलेले नवे बूट नकोत, ते हमखास चावतात. डोक्याला टोपी किंवा रुमाल. डब्यात दशम्या, थालीपीठ, काकडी. दुपारपर्यंत टिकेल असं काहीही चालेल. डबे पिशवीत बंद राहू द्या, कारण माकडं हातातलं ओढून नेतात. आणि प्रत्येकाकडे भरपूर पाणी.

या शेवटच्या सूचनेपाशी मी एकदा थबकले. आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत हळूच येऊन म्हणाली, "बाई, मी सहलीला पाणी पीतच नाही. मग जावंच लागत नाही." इतर मुलींना बाजूला घेऊन विचारलं, तर निम्म्याजणी तेच करत होत्या. दोघींच्या घरून तर सहलीलाच नकार येणार होता, कारण त्या दिवशी पाळी येण्याची शक्यता होती. त्या दोघी घरी बसल्या असत्या आणि आपण कारणाच्या रकान्यात 'तब्येत' लिहिलं असतं.

मग आम्ही तयारीचा क्रम बदलला. वेळापत्रकात लेण्यांच्या आधी स्वच्छतागृहाचे थांबे लिहिले : स्टेशनवर, उद्यानाच्या दाराशी आणि चढायच्या आधी खाली. एक शिक्षिका आधी जाऊन सगळं पाहून आली. सॅनिटरी पॅड, साबण, कागदी पिशव्या आणि एक जादा सलवार अशी वेगळी पिशवी एका बाईंकडे दिली. कोणाला खाली यावं लागलं तर सोबत कोण येईल, तेही ठरवलं. हे सगळं पालकसभेत मोकळेपणाने सांगितलं. दोन्ही आयांनी होकार दिला. एक म्हणाली, "एवढं बघताय तर जाऊ दे की तिला."

वर गेल्यावर मुलांना मुद्दाम एक काम दिलं : इथे राहणाऱ्यांनी स्वतःची काय काय सोय करून घेतली होती, ते शोधा. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. सगळी पाहायचा हट्ट धरला तर एकही नीट पाहून होत नाही. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, त्याच्या व्हरांड्यातल्या बुद्धाच्या दोन उंच मूर्ती, अकराव्या लेण्यातले लांब दगडी ओटे, एवढं निवांत पाहिलं. मुलांनी कातळातल्या पायऱ्या दाखवल्या, बसायचे ओटे दाखवले आणि जागोजागी कोरलेली पाण्याची टाकी मोजायला घेतली. पावसाचं पाणी टाक्यात उतरावं म्हणून खोदलेल्या पन्हळी पाहून एकाने विचारलं, "बाई, म्हणजे यांनी आधी पाण्याचंच बघितलं?"

तेव्हा त्यांना एका शिलालेखाची गोष्ट सांगितली. इथल्या लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. त्यातला एक ब्राह्मी लेख सांगतो की, कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिली. कल्याण म्हणजे आमच्या लोकलवरचं स्टेशन! दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका माणसाला वाटलं, या डोंगरावर कोणी तहानलेलं राहू नये. मुलं त्या नावावर खूश झाली. आठवीतल्या त्या मुलीची बाटली जेवणाआधीच रिकामी झाली होती, ती मी न बोलता भरून दिली.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या सहलीची यादी करताना मुलींना एकदा वेगळं बसवून विचारा. पालकांनो, नकार द्यायच्या आधी शाळेला विचारा, तिथे सोय काय आहे? नसेल तर ती करायला सांगा. चैत्य आणि विहारातला फरक मुलांना पुस्तकातूनही कळेल, पण तिथे जाऊन तो पाहायचा असेल तर दिवसभर पाणी पिता आलं पाहिजे.